झिर्कॉनच्या कणांची साक्ष आणि तिच्या मर्यादा

गाळाच्या खडकांचे मूळ शोधताना झिर्कॉनच्या कणांच्या कालमापनाला जे प्रामाण्य लाभले आहे, ते सकारण आहे. हे खनिज स्फटिकरूप घेताना युरेनियम सामावून घेते. शिसे मात्र बहुतांशी वगळते. पुढे युरेनियम-२३८ पासून शिसे-२०६ आणि युरेनियम-२३५ पासून शिसे-२०७ निर्माण होत राहते. या दोन समस्थानिकांची अर्धायुष्ये अनुक्रमे सुमारे ४४७ कोटी व ७० कोटी वर्षे असल्याने एकाच कणातील दोन कालगणना परस्परांशी ताडून पाहता येतात. मूळ पर्वत झिजून गेला, तरी त्याचा कण वाळूत टिकून राहतो. तथापि कणाचे वय समजले म्हणजे त्याचे उगमस्थानही समजले, असे मानणे युक्त नाही.

या दृष्टीने अमेरिकेतील कोलोरॅडो पठाराचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथील पर्मियन व जुरासिक काळांतील वातनिक्षेपित वालुकाश्मांतील सुमारे निम्मे झिर्कॉन-कण मुळात पूर्वेकडील ॲपालॅचियन पर्वतप्रदेशातून आले असावेत, असे डिकिन्सन आणि गेरेल्स यांनी २००३ मध्ये प्रतिपादन केले. खंड ओलांडणाऱ्या नद्यांनी ती वाळू पश्चिमेस आणली व वाऱ्याने तिच्या टेकड्या रचल्या, अशी ही उपपत्ती आहे. परंतु त्या कणांपैकी अनेकांचे वय १०० ते १२० कोटी वर्षे असून त्या वयाचे खडक टेक्ससमध्येही आहेत. केवळ वयावरून या दोहोंत निवड कशी करावी? त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासगटाने यांपैकी नॅव्हाहो वालुकाश्मातील कणांचे हेलियम-कालमापनही केले. जुने कण सुमारे ५० ते २५ कोटी वर्षांपूर्वी थंड झाल्याचे आढळले, आणि हा इतिहास ॲपालॅचियन प्रदेशाशी जुळला. पहिल्या साक्षीला दुसरीचा आधार मिळाला, तेव्हाच निष्कर्षाला बळ आले.

खंडविप्लवाच्या विवेचनात ही सावधगिरी अधिकच आवश्यक ठरते. भारताचा पूर्व घाट आणि पूर्व अंटार्क्टिका येथे सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वीच्या रूपांतरणाच्या खुणा आहेत. हे प्रदेश एकेकाळी संलग्न होते, हे मत खडकांच्या व संरचनेच्या साम्यावरही उभे आहे. केवळ वयच प्रमाण मानले, तर ॲपालॅचियन प्रदेशही त्यांच्या शेजारी आणून बसवावा लागेल!

कणांचा अभावही असाच फसवा असतो. ग्रॅनाइटात झिर्कॉन पुष्कळ आढळते, बेसाल्टात अत्यल्प. दख्खनच्या लाव्हाथरांचे युरेनियम-शिसे कालमापन २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले, तेही मुख्यतः दोन थरांमधील ज्वालामुखी राखेतल्या झिर्कॉनच्या आधारे. सारांश, बेसाल्टाच्या विस्तीर्ण प्रदेशातून आलेल्या गाळातही झिर्कॉन क्वचितच आढळेल. तेवढ्यावरून त्या प्रदेशाचा गाळाशी संबंध नव्हता, असे म्हणता येणार नाही. शिवाय जुना वालुकाश्म झिजून त्याचे कण नव्या गाळात येतात. अशा वेळी मूळ पर्वत व अखेरचा निक्षेप यांमधील मुक्काम वयातून कळत नाहीत.

म्हणून वयांच्या आलेखांचे साम्य हा संशोधनाचा आरंभ मानावा. हाफ्नियमची समस्थानिके, इतर जड खनिजे आणि प्राचीन प्रवाहांच्या दिशा यांची साक्ष काढल्यावाचून खंडांचे नकाशे जुळवू नयेत.