थडग्यातही वरची जागा

जुन्या इंग्रजी बॅलडवर, म्हणजे कथागीतांवर, बोलताना आपले आस्वादक समीक्षक प्रेम आणि मत्सर या ‘वैश्विक’ भावनांपाशी थांबतात. माणूस कुठलाही असो, मत्सर सारखाच, असे एकदा म्हटले की पुढचे प्रश्न विचारावे लागत नाहीत. ते विचारले पाहिजेत.

बोस्टनच्या एका शिडे शिवणाऱ्या कारागिराचा मुलगा फ्रान्सिस जेम्स चाइल्ड पुढे हार्वर्डला प्राध्यापक झाला आणि १८८२ ते १८९८ या काळात त्याने ३०५ कथागीते पाठभेदांसह छापली. त्यातले ८१ वे लिटल मसग्रेव्हचे. लॉर्ड बार्नार्डची बायको मसग्रेव्हला घरी नेते. तिचा हुजऱ्या नदी पोहून मालकाला खबर देतो. चाकरी बाईची, पण निष्ठा धन्याची. धनी मसग्रेव्हला तलवार देतो, निःशस्त्राला मारले असे कोणी म्हणू नये म्हणून. बायकोला मात्र ही संधी नाही. दोघांना मारल्यावर तो रडतो, एकाच थडग्यात पुरायला सांगतो आणि बजावतो : बाईला वर ठेवा, तिचे कुळ उंच आहे. मत्सर शमला, कुळ शमले नाही!

७३ व्या गीतात लॉर्ड थॉमस आईच्या सल्ल्याने जमीनजुमला असलेल्या सावळ्या मुलीशी लग्न करतो. गोरी एलेनर भर लग्नात नवरीच्या रंगावर बोलते. नवरी सुरी खुपसते. थॉमस नवरीचे मुंडके उडवतो आणि स्वतःही मरतो. मत्सरी कोण ठरते? सावळी. तिची जमीन हवी होती; तिचा अपमान कोणाला दिसत नाही.

लोकगीत म्हणजे शोषितांचाच आवाज, असे आपल्यातले काही मित्र धरून चालतात. ही गीते गरिबांच्याही तोंडी टिकली, हे खरे. पण ६७ वे, ग्लासगेरियनचे, वाचा. हा राजपुत्र उत्तम हार्पवादक. राजकन्या त्याला रात्री बोलावते. त्याचा चाकर जॅक धन्याच्या वेशात आधी जाऊन येतो. ही फसवणूक आहे, बलात्कारच आहे, आणि जॅक आपल्यातला म्हणून मी त्याची वकिली करणार नाही. परंतु सत्य कळल्यावर राजकन्येच्या तोंडी गीत काय घालते? आपली संमती हिरावली गेली, हे नव्हे. हलक्या माणसाचे रक्त आपल्या उदरात वाढू नये, एवढेच. त्यासाठी ती सुरीने जीव देते. स्त्रीचे शरीर म्हणजे कुळाची हद्द, ही समजूत आपल्याला कोणी शिकवायला नको.

ग्लासगेरियन घरी परततो. या रात्री तिघांचे मरण जॅकमुळे ओढवले, असा हिशेब तो मांडतो. त्या तिघांत जॅकही आहे. मग कोणाला न विचारता तो त्याचे डोके उडवतो.