उंबरठ्याशी थबकलेला अभ्यास

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आमच्या निफाडचे. १८ जानेवारी १८४२ ही त्यांची जन्मतारीख तालुक्यातल्या शाळकरी पोरांनाही माहीत असते. त्यापुढचे रानडे मात्र पुण्या-मुंबईचे. सायखेड्याच्या कांदा लिलावात ट्रॅक्टरपाशी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला रानड्यांविषयी विचारले, तर तो “आपलेच की ते” म्हणेल आणि तिथेच थांबेल. दोष त्याचा नाही. सुधारकांवर मराठीत कपाटे भरतील इतके लिहिले गेले, पण त्यातले त्याच्या घराला लागू पडेल असे लेखन फार थोडे आहे, आणि तेही बहुतेक इंग्रजीत. धर्मसुधारक, शिक्षक, नीतिविचारक आणि त्यांच्या काळातले घर, म्हणजे घरातली सत्ता, अन्न, श्रम आणि मालमत्ता, यांचा अभ्यास आज कुठवर आला आहे? माझे मत सुरुवातीलाच सांगतो. अभ्यास घराच्या उंबरठ्यापर्यंत आला, आत डोकावलासुद्धा, पण कोठीची किल्ली आणि जमिनीचा कागद त्याने मागितला नाही.

आधी चरित्रकारांची पिढी. न. र. फाटक, धनंजय कीर, य. दि. फडके यांनी कागदपत्रांचा डोंगर उपसला. त्यांच्यावाचून पुढच्या कोणाचेही पान हलले नसते. पण या चरित्रांत घर येते ते ‘खासगी आयुष्य’ म्हणून, सार्वजनिक कार्याच्या पुरवणीसारखे. रानड्यांचा दुसरा विवाह हे त्याचे ठळक उदाहरण. १८७३ मध्ये पहिली पत्नी वारली. विधवाविवाहाच्या चळवळीत उभे राहिलेले तिशीतले रानडे आता विधवेशी लग्न करतील, अशी मित्रांची अपेक्षा होती. वडिलांनी हट्ट धरला आणि त्याच वर्षी अकरा वर्षांची मुलगी सून म्हणून घरात आली. तीच पुढे रमाबाई. चाहते पितृआज्ञेकडे बोट दाखवतात, टीकाकार दांभिकपणाकडे. दोघांचा वाद एकाच माणसाच्या शीलाविषयी. ती अकरा वर्षांची मुलगी या वादात कुणाचाच विषय नव्हती, आणि त्याच कुटुंबातली रानड्यांची विधवा बहीण तर नव्हतीच नव्हती.

हे चित्र स्त्रीवादी अभ्यासकांनी उलटे केले. मीरा कोसंबी, उमा चक्रवर्ती, विद्युत भागवत, पद्मा अनागोल यांच्या कामामुळे रमाबाईंचे ‘आमच्या आयुष्यांतील काही आठवणी’ हे १९१० चे पुस्तक नव्याने वाचले जाऊ लागले. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्याला प्रस्तावना लिहिली तेव्हा ते थोर पतीचे पत्नीने रेखाटलेले चित्र होते. आता तेच पुस्तक एकोणिसाव्या शतकातल्या ब्राह्मण घराचा आतला नकाशा ठरले. नवरा शिकवतो आहे, इंग्रजीचा धडा घेतो आहे, सभेला पाठवतो आहे; आणि रात्री तीच शिष्या त्याच्या पायांना तूप चोळते आहे. रमाबाईंना त्यात वावगे वाटत नाही. वाचकाला वाटते, आणि ते वाटणे कुठे न्यायचे यावर अभ्यासकांचे दोन तट पडतात. चक्रवर्तींच्या १९९८ च्या ग्रंथात सुधारणेमागे जात, वर्ग आणि वासाहतिक राज्य यांनी घडवलेली नवी पितृसत्ता दिसते: सुशिक्षित नवऱ्याला शोभेल अशी बायको तयार करण्याचा कारखाना. अनागोल २००५ मध्ये म्हणतात की बायकांना सुधारकांनी घडवलेले मातीचे गोळे समजू नका, त्यांचे स्वतःचे बेत होते.

दोन्ही बाजूंत दम आहे. पण रमाबाईंच्या पुस्तकातली सगळ्यात बोचरी ओळ नवरा-बायकोच्या मधली नाहीच. ती घरातल्या थोरल्या बायकांच्या टोमण्यांत आहे. शिकणाऱ्या सुनेला त्यांनी छळले, आणि नवऱ्याने सांगितले की उलट उत्तर देऊ नकोस, सोस. अभ्यासकांनी या बायकांना बहुधा ‘सनातनी’ म्हणून निकालात काढले आहे. मला ते पटत नाही. सोवळे, स्वयंपाकघर आणि धाकट्या सुनेवरचा हुकूम एवढीच त्यांच्या नावावरची मिळकत होती. सुधारणेने धाकटीच्या हातात पुस्तक दिले. त्यांच्या हातात काय दिले? जे होते तेही जाणार हे त्यांना कळत होते. घरातली विषमता पुरुष वर आणि बाई खाली एवढी सरळ नसते. सधवा-विधवा, थोरली-धाकटी, पोराची आई आणि वांझ म्हणून हिणवलेली, अशा तिच्या पायऱ्या असतात. हे बारकाईने लिहिणारे मराठी संशोधन अजून यायचे आहे.

आमच्याच जिल्ह्यातले दुसरे पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचे. नाशिकच्या वरच्या अंगाला गोदाकाठी जलालपूर आहे, तिथला लक्ष्मीबाईंचा जन्म. सायखेडा त्याच नदीच्या खालच्या अंगाला. ‘स्मृतिचित्रे’ हे मराठीतले सर्वांत गोड आत्मचरित्र मानले जाते. त्यात लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन आहे: बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात यायचा नाही, मीठसुद्धा त्यातून सुटले नाही. आपण हसतो, लक्ष्मीबाईंनाही हसवायचेच होते. पण ते पाणी ओढत कोण होते? टिळकांच्या औदार्याचेही तसेच. लक्ष्मीबाईंचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक कवी, धर्मचिंतक, वृत्तीने फकीर. हातातले देऊन टाकणारा माणूस म्हणून त्यांच्या आख्यायिका झाल्या. त्या दानशूरपणाची झळ संध्याकाळच्या चुलीला लागत होती आणि ती सोसणारी बाई तोंडातला विनोद सोडत नव्हती. मराठी समीक्षेने या पुस्तकाच्या शैलीवर खूप लिहिले, त्यातल्या हिशेबावर फार थोडे. विनोदाने ज्या लेखिकेला वाचकप्रिय केले, त्याच विनोदाने तिची तक्रार ऐकू येईनाशी केली.

शिक्षणाच्या बाबतीत अभ्यास अधिक टोकदार झाला आहे. १८८४ मध्ये रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात मुलींचे हायस्कूल काढले, तीच पुढची हुजूरपागा. परिमला राव यांनी त्या वेळच्या वृत्तपत्रांतून दाखवून दिले की भांडण केवळ मुलींनी शिकावे की नाही याचे नव्हते. लोकमान्य टिळकांच्या ‘मराठा’ पत्राचा १८८७ मधला आग्रह असा होता की शाळेचे तास कमी करावेत, म्हणजे मुलींना घरकामाला वेळ उरेल. भांडण वेळेचे होते, श्रमाचे होते. ते संपले असे कुणाला वाटत असेल तर २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणाकडे पाहावे: घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ९७. त्यातही घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ही सरासरी आहे. न लावणारे तिच्यात धरलेलेच नाहीत.

तिसरा प्रवाह फुले-आंबेडकरी अभ्यासाचा, आणि माझ्या मते सर्वांत कसदार. रोझालिंड ओ’हॅनलन यांचा १९८५ चा ग्रंथ, गेल ऑम्व्हेट यांचे काम, शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांच्या आत्मकथनांचे केलेले वाचन, शैलजा पाईक यांचा दलित स्त्रियांच्या शिक्षणावरचा अभ्यास. आणि या सगळ्यांत मला मोलाचे वाटते ते मराठीत झालेले काम, उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला नाशकात सुरू झाला, धर्मांतराची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात झाली. या तारखा आम्ही पाठ करतो. या दोघींनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांची घरे गाठली आणि सभेला जाताना घरी काय सोसावे लागले ते विचारले. नाशिकच्या शांताबाई दाणींचे ‘रात्रंदिन आम्हां’ याच रांगेतले. इथे घर आणि गाव वेगळे काढताच येत नाही. पाणवठ्यावरचा अपमान आणि चुलीपुढचा शीण एकाच बाईच्या एकाच दिवसात येतात.

जोतीराव फुल्यांनी तर घराची कल्पनाच उलटी केली होती. ‘सार्वजनिक सत्यधर्म’ या १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर निघालेल्या पुस्तकात ते एक कुटुंब उभे करतात: बाईने वाचून बौद्ध धर्म पत्करावा, नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावे, मुलीने कुराण वाचून मुसलमान, मुलाने सत्यधर्मी, आणि सगळ्यांनी एका घरात गोडीने राहावे. धर्मसुधारणेच्या जागतिक इतिहासातही हे विलक्षण आहे. इतर सुधारक समाजाला घेऊन नवा धर्म शोधत होते, फुले घरातल्या बाईला स्वतंत्रपणे निवडायला सांगत होते. एवढ्या थोर कल्पनेवर आज आपण काय करतो? फुले मोठे की रानडे, असा खटला चालवतो. १८८५ च्या ग्रंथकार सभेचे रानड्यांकडून आलेले निमंत्रण फुल्यांनी पत्र लिहून नाकारले, तो मजकूर दर वर्षी कुठल्या ना कुठल्या दिवाळी अंकात पुरावा म्हणून सादर होतो. खटल्यात वकील जिंकतात, अभ्यास पुढे जात नाही.

अर्थशास्त्राकडे मात्र या तिन्ही प्रवाहांनी पाठ फिरवली, आणि गंमत अशी की दाराची कडी रानड्यांनीच सरकवली होती. १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात त्यांनी इंग्रजी अर्थशास्त्राला सुनावले की तुमचा स्वतंत्र, स्वार्थ पाहणारा माणूस आमच्याकडे सापडत नाही. इथे व्यक्तीपेक्षा कुटुंब आणि जात प्रबळ आहेत. नेमके निदान. पण कुटुंब प्रबळ म्हणजे कुटुंबातले कोण प्रबळ? हा पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही, आणि नंतर अनेक दशके कुणीच विचारला नाही. दांडेकर-रथ यांचा १९७१ चा दारिद्र्यावरचा प्रसिद्ध अभ्यास घराचा खर्च डोक्यांनी भागतो. ताटात कुणाच्या किती पडले हे त्या भागाकारात दिसत नाही. ते बंद दार अमर्त्य सेन यांनी १९९० मध्ये उघडले: घर हे सहकार्याचे तसे संघर्षाचेही ठिकाण आहे, आणि बाईचे काम ‘काम’ म्हणून दिसत नसल्याने वाटपात तिची बाजू लंगडी पडते. बीना अग्रवाल यांनी १९९४ मध्ये त्यापुढे जाऊन जमिनीवर बोट ठेवले: बाईच्या नावावर जमीन असेल तर घरातल्या तिच्या शब्दाला वजन येते.

हेच आमच्या शेजारच्या तालुक्यात आधी घडून गेले होते. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे अधिवेशन भरले. कांद्याच्या भावासाठी रस्त्यावर उतरलेल्या घरांतल्या बायका तिथे आल्या होत्या. शरद जोशींचे ‘चांदवडची शिदोरी’ आणि त्यानंतरची लक्ष्मीमुक्ती, म्हणजे नवऱ्याने आपणहून बायकोच्या नावावर जमीन करून देण्याची मोहीम, ही महाराष्ट्रातल्या घरगुती विषमतेवरची सर्वांत थेट कृती होती. शेतमालाच्या भावात शेतकऱ्याचे जे शोषण होते तेच घरात लक्ष्मीचे होते, हा जोशींचा युक्तिवाद. त्यातले कच्चेही सांगितले पाहिजे. जमीन देणारा नवरा, म्हणजे हक्क नव्हे, दानत. आणि लेकीच्या वाट्याबद्दल मोहीम बायकोच्या वाट्याइतकी बोलली नाही. तरीही सुधारकांच्या अभ्यासक्रमात रानडे, आगरकर, कर्वे यांच्यानंतर चांदवडचे प्रकरण का येत नाही? कांद्याच्या पिशवीचा वास येतो म्हणून की काय.

कायद्याने आपले काम केले. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका जन्मसिद्ध वाटा दिला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या शंकाही मिटवल्या. पण गोदाकाठच्या बागायती पट्ट्यात, द्राक्ष आणि उसाखालच्या जमिनीला सोन्याचा भाव असताना, काय होते ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हाताऱ्याची दशक्रिया होते, वारसनोंदीचा विषय निघतो. बहिणी सासरहून आलेल्याच असतात. थोरला भाऊ गाडी करून त्यांना कार्यालयात नेतो, हक्कसोडपत्र तयारच असते. “माहेरची वाट राहू दे बाई” असे एखादी आत्या समजुतीने सांगते. सह्या होतात, येताना चहा होतो, निघताना साडीचोळीवर बोळवण होते. जबरदस्ती कुठेच दिसत नाही, म्हणून न्यायालयाच्या दप्तरात ती येत नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदार खात्यांपैकी बायकांची खाती सुमारे १४ टक्के निघाली, त्यामागे अशा किती दुपारी असतील.

रमाबाईंच्या सासरचे ‘सोस’ आणि आत्याचे ‘वाट राहू दे’ यांच्यात शंभरावर वर्षांचे अंतर आहे, युक्तिवाद मात्र एकच. हा धागा इतिहासकाराला घराच्या अर्थशास्त्राशी जोडता आला असता. आपल्या विद्यापीठांत इतिहासवाले सातबारा वाचत नाहीत, अर्थशास्त्रवाले आत्मचरित्र वाचत नाहीत, आणि दोघांचे चांगले लेखन इंग्रजीत निघून मराठीत दहा-पंधरा वर्षांनी, आले तर येते.

साधने हाताशी आहेत. फेरफार नोंदी तलाठ्याकडे आहेत, हक्कसोडपत्रे नोंदणी कार्यालयात आहेत, आणि १९८६ ला चांदवडला गेलेल्या कितीतरी बायका आज सत्तरीच्या पुढे असल्या तरी बोलायला तयार आहेत. निफाड, सायखेडा, पिंपळगाव, चांदवड इथल्या महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे: पुढच्या वर्षी एम. ए.च्या मुला-मुलींना रानड्यांवर आणखी एक प्रबंधिका लिहायला लावू नका. एका गावाच्या १९८६ पासूनच्या फेरफार नोंदी उतरवून घ्यायला लावा, आणि ज्या बहिणींच्या सह्या त्यांत आहेत त्यांच्या घरी पाठवा.