संधिच्छेद आणि संगणक : 'मिकी व्हायरस'चा नायक

संगणकाच्या यंत्रणेत चोरून शिरण्याची क्रिया चित्रपटाच्या माध्यमाला मुळातच अडचणीची असते. कळफलकावरची बोटे आणि पडद्यावर सरकणारी अक्षरे यांपलीकडे तिच्यात दाखवण्याजोगे फारसे काही नसते. सौरभ वर्मा दिग्दर्शित 'मिकी व्हायरस' (२०१३) या हिंदी चित्रपटाने ही अडचण दोन रूढ प्रकारांच्या संयोगातून सोडवली आहे. विनोदाने नायकाला मित्रमंडळ, टवाळखोर बोली आणि दिल्लीचे वातावरण दिले; रहस्यकथेने त्या अदृश्य क्रियेला मृतदेह पुरवला. या संयोगात मूळ क्रियेच्या नैतिक अर्थाचे काय होते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

आळशी, पण आपल्या विद्येत निष्णात असलेला मिकी अरोरा (मनीष पॉल) हॅकरांच्या खुनांचा छडा लावण्याच्या कामी पोलिसांना साहाय्य करतो. पुढे कामायनीवरील प्रेमापोटी, तिची चूक निस्तरण्यासाठी, तो बँकेच्या यंत्रणेत शिरतो. तिचा खून होतो आणि संशय त्याच्यावरच येतो.

प्रेमापोटी केलेली घरफोडी आपल्या नाट्यपरंपरेला नवी नाही. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तील शर्विलक मदनिकेला दास्यातून सोडवण्यासाठी चारुदत्ताच्या भिंतीला भगदाड पाडतो. चोरीला तो शास्त्र मानतो, भगदाडाच्या आकारांची चिकित्सा करतो, यज्ञोपवीत मोजमापासाठी वापरतो. प्रसंग निखळ हास्याचा आहे. लुटला गेलेला चारुदत्तही त्या भगदाडाचे कौतुक करतो. तथापि नाटक तेथे थांबत नाही. गेलेले अलंकार ही वसंतसेनेची ठेव होती आणि दरिद्री चारुदत्ताच्या सचोटीवर आता कोणीही विश्वास ठेवणार नाही, ही वेदना त्याच अंकात व्यक्त होते. ते अलंकार परत करण्याचा मार्ग शर्विलकाला दाखवते ती मदनिकाच. ज्याच्या भिंतीला भगदाड पडले, त्याला येथे चेहरा आणि वाणी आहे.

'मिकी व्हायरस'मध्ये ही जागा रिकामी आहे. ज्या यंत्रणेची भिंत फुटते, तिच्या बाजूने बोलणारे पात्रच संहितेत नाही. तेथे केवळ आकडे आहेत. प्रेक्षकाची सहानुभूती संशयात सापडलेल्या नायकाकडे वळते, आणि 'खून कोणी केला?' या प्रश्नाच्या उत्तरात 'यंत्रणेत शिरणे योग्य होते का?' हा प्रश्न विरून जातो. खुनाच्या आरोपातून सुटलेला नायक जणू सर्वच आरोपांतून सुटतो.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या (२०००) कलम ६६ मध्ये 'हॅकिंग' हा शब्दच होता. २००८ च्या दुरुस्तीने तो वगळला आणि कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केले आहे का, हा निकष ठेवला. चित्रपटाचा न्याय वरकरणी या निकषाशी जुळतो : हेतू निर्मळ, म्हणून नायक निर्दोष. परंतु शर्विलकाचा हेतूही निर्मळच होता. शूद्रकाने त्याला समजून घेतले, हसू दिले आणि तरीही हिशेब चुकता करायला लावला. हास्याला जबाबदारीचा भार पेलत नाही, असे मानण्याचे कारण नाही. या चित्रपटाने तो भार विनोदावर टाकूनच पाहिला नाही, ही त्याची खरी मर्यादा होय.