चालीला सोवळे नसते

सिनेमाच्या चालीवर देवाचे नाव घेणे हा भजनाचा अपमान होय, अशी तक्रार मालवणच्या फाट्यावरील आमच्या कसालात डबलबारीनंतर हमखास ऐकू येते. तक्रार करणारी मंडळी पहाटेपर्यंत जागेवरून हललेली नसतात, हा भाग वेगळा!

या तक्रारीवर विचार करताना मला अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे ‘सोल’ संगीत आठवते. सोल म्हणजे आत्मा. तिकडे घडले ते आपल्या नेमके उलट. १९५४ मध्ये रे चार्ल्स या अंध गायकाने एका भक्तिगीताचा साचा उचलला आणि येशूच्या जागी प्रेयसी बसविली. १९५७ मध्ये भक्तिगीतांनी नावारूपाला आलेला सॅम कुक प्रेमगीतांकडे वळला. धर्मनिष्ठांनी दोघांनाही बोल लावले. पण शब्द बदलले तरी प्रार्थनामंदिरातली एक रीत या गाण्यात टिकली: एकाने हाक द्यावी, अनेकांनी ओ द्यावी. ‘रिस्पेक्ट’ हे ओटिस रेडिंगचे १९६५ चे गीत. त्यात पुरुष घरच्या बाईकडे मान मागतो. १९६७ मध्ये अरेथा फ्रँकलिन या धर्मोपदेशकाच्या मुलीने ते बाईच्या तोंडी घातले, आपल्या बहिणींना कोरसात घेतले, आणि एका घरातले मागणे साऱ्या स्त्रियांचे व कृष्णवर्णीयांचे मागणे होऊन बसले. हे बळ कोरसाचे!

आता आपली डबलबारी पाहा. दोन बुवा, दोन मंडळे. पेटी, पखवाज, झांजा. रूपावली, अभंग, गौळण आणि शेवटी गजर. एकाने पुराणातला सवाल टाकावा, दुसऱ्याने आपल्या बारीत जबाब द्यावा. चिंतामणी पांचाळ, काशीराम परब, परशुराम पांचाळ ही नावे या रंगणातूनच घरोघरी पोहोचली. गजराला ओळखीची चाल लागली की पेंगुळलेली पोरेसुद्धा ताल धरतात. मला यात अपमान दिसत नाही. देवळाबाहेर बसलेल्यालाही आत ओढणारी ती युक्ती आहे.

खरा दोष मला दुसरीकडे दिसतो. ध्वनिवर्धकाच्या जोरावर बुवा एकटेच गाऊ लागले, अर्धी बारी एकमेकांना टोले हाणण्यात गेली, की मंडळ नुसते वाजवण्यापुरते उरते. मग चाल कितीही जुनी, कितीही शुद्ध असो. भजन मात्र तेथे उरत नाही.

१९७२ मध्ये कीर्तीच्या शिखरावर असताना अरेथाने लॉस एंजेलिसच्या एका प्रार्थनामंदिरात, भाविकांसमोर, ‘अमेझिंग ग्रेस’ हा भक्तिगीतांचा संग्रह ध्वनिमुद्रित केला. त्यात एका प्रार्थनेला तिने ‘यू हॅव गॉट अ फ्रेंड’ हे त्या काळचे लोकप्रिय गीत जोडले. आमच्या बुवांनी वेगळे काय केले? तिच्यामागे सबंध वृंद गात होता आणि समोरची माणसे ओ देत होती, म्हणून ते गीतही प्रार्थना झाले.

तेव्हा बुवांनी चाल खुशाल कोठूनही आणावी. फक्त गजर चढला, की क्षणभर स्वतः गप्प राहून पाहावे. मागून आवाज उठला, तर देव प्रसन्न आहे असे समजावे!