काजळीयुक्त रबर आणि पाझर-सिद्धान्त

कार्बनची काजळी मिसळलेल्या रबराच्या विद्युत्-गुणधर्मांवरील निबंधांत एक आलेख हटकून आढळतो. काजळीचे घनफळातील प्रमाण वाढत जाते, संवाहकता बराच काळ जागची हलत नाही, आणि मग एका विशिष्ट प्रमाणाशी ती लाखो-कोटी पटींनी उसळते. या उसळीच्या स्पष्टीकरणार्थ ब्रॉडबेंट व हॅमर्स्ली यांनी १९५७ साली मांडलेला पाझर-सिद्धान्त पुढे केला जातो. (ब्रॉडबेंट यांच्यापुढील मूळ प्रश्न वायुरोधक मुखवट्यांतील सच्छिद्र कार्बनाचा होता, तेव्हा कार्बनाशी या सिद्धान्ताचे नाते जन्मजातच म्हणावयाचे.) विखुरलेल्या कणांची साखळी ज्या प्रमाणाला प्रथम अखंड जुळते तो उंबरठा. त्यापलीकडे संवाहकता प्रमाणाच्या आधिक्याच्या एका घाताने वाढते, व त्रिमितीत तो घातांक सुमारे २ असावा.

प्रत्यक्षात तो पुष्कळदा २ हून बराच अधिक निघतो. बालबर्ग यांनी १९८७ साली याची दिलेली उपपत्ती ही या विषयातील मोलाची भर होय. शेजारच्या कणांमध्ये रबराचा अतिसूक्ष्म पापुद्रा असतो व इलेक्ट्रॉन पुंजयामिकीच्या नियमाने तो भेदून जातात. अंतरातील किंचित फरकानेही रोध कितीतरी पटींनी बदलतो. सुटे, वाटोळे कण असलेल्या काजळीत ही अंतरे विषम असल्याने घातांक चढतो. शाखायुक्त पुंजक्यांच्या काजळीत तो २ च्या आसपास राहतो.

उपपत्ती सुंदर आहे, पण कणांची मांडणी एकदा ठरली की ठरली, हे तिचे गृहीत रबराला मानवत नाही. मिश्रण किती वेळ घोटले, व्हल्कनीकरणाच्या उष्णतेत पुंजके किती एकत्र आले, नमुना मोजणीपूर्वी ताणला गेला होता काय, यांवर उंबरठाच सरकतो. नमुना थोडा ताणून सोडला तरी साखळ्या तुटून रोध वाढतो आणि तो लगेच पूर्ववत् होत नाही. तापविल्यावर बराचसा उतरतो. पेन यांनी १९६० नंतरच्या दशकात अल्प विकृतीने रबराचा ताठरपणा ढळतो असे दाखविले, तेही काजळीच्या याच जाळ्याचे विघटन होय.

नॉर्मन यांचे संवाहक रबरावरील पुस्तक १९५७ चेच. उत्पादन, उपयोग व चाचणी-पद्धती हे त्याचे विषय उपशीर्षकातच नमूद आहेत. कारखानदारीच्या या वाङ्मयाने सिद्धान्ताची उंची गाठली नसेल, परंतु नमुन्याच्या पूर्वेतिहासाची नोंद तेथे कटाक्षाने होते. उलट, घोटण्याचा काळ वा विद्युदग्र जोडण्याची रीत न सांगता घातांक मात्र दोन दशांश स्थळांपर्यंत देणारा निबंध काय मोजतो, हे वाचकाने कसे ठरवावे? पृष्ठभागावर नुसते दाबलेले धातूचे पत्रे स्पर्शरोधाची भर घालतात, आणि ती भर अखेरीस द्रव्याच्याच नावावर जमा होते.

मोठ्या ताणाखाली काही मिश्रणांत रोध वाढून पुन्हा घटू लागतो. एकट्या प्रमाणावर उभ्या असलेल्या त्या सूत्रात या घटनेला जागाच नाही.