शेंबडी गेली, शेमडी आली

गाण्यांनी आणि वाईट संगतीनं पोरांची भाषा बिघडली, ही तक्रार शाळेच्या स्नेहसंमेलनापासून साहित्य संमेलनापर्यंत सगळीकडे ऐकू येते. गेली काही वर्षं शिरूर आणि दौंडच्या एसटी स्टँडवर, चहाच्या टपऱ्यांवर कान देऊन मी वह्या भरतो आहे. ही तक्रार त्या वह्यांशी जुळत नाही.

पुण्यातल्या ताडीवाला रस्त्यावरचा रॅपर एमसी स्टॅन फेब्रुवारी २०२३मध्ये ‘बिग बॉस’चं सोळावं पर्व जिंकला. त्याचं ‘हक से’ आणि ‘शेमडी’ पोरांच्या तोंडी बसलं. ‘शेमडी’ ऐकून मोठी माणसं नाक मुरडतात. गंमत अशी की, शब्द नाकाचाच आहे! आजी नातीला ‘शेंबडी’ म्हणायची, तोच हा, असं माझं मत. पुण्याच्या वस्तीतल्या हिंदीत तो गेला, ठेक्यावर चढला आणि मोबाइलमधून घरी परत आला. वाटेत ‘ब’ तेवढा गळाला.

पण गाणं एकच असलं, तरी दोन्ही गावांत ते सारखं मुरलं नाही. दौंड हे रेल्वेचं जंक्शन. शिवाय राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट तिथं आहेत. तिथल्या टोळक्यात मराठी पोरगंही अख्खं वाक्य हिंदीत टाकतं. घोडनदीकाठच्या शिरूरात मात्र मी ‘लय शेमडीपणा नको करू’ असं ऐकलं. शब्द रॅपचा, प्रत्यय घरचा. रांजणगावच्या कारखान्यांमुळं शिरूर तालुक्यातही परप्रांतीय पुष्कळ आहेत. पण ते या पोरांच्या कट्ट्यावर बसत नाहीत. फरक पडतो तो इथं.

विल्यम लबॉव्ह यांनी १९६३ साली अमेरिकेतल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या तरुणांना बेटावरच राहायचं होतं, त्यांचे काही उच्चार जुन्या कोळ्यांच्या वळणाचे होते. बाहेर पडू पाहणाऱ्यांचे तसे नव्हते. आपण कुणात मोजले जावं, हे जिभेनं आधीच ठरवलेलं असतं.

हे मी पुस्तकाच्या आधी मेसमध्ये शिकलो. सतराव्या वर्षी शिरूरहून पुण्याला कॉलेजात गेलो. पहिल्याच आठवड्यात ‘डबा आणला व्हता’ म्हणालो आणि समोरचे दोन मित्र हसले. वाईट हेतूनं नव्हे. तरी तीन महिन्यांत माझं ‘व्हता’ आणि ‘न्हाय’ गेलं. सुट्टीत घरी आलो, तर आई म्हणाली, “पाव्हण्यासारखा काय बोलतो रं?” त्यात गाण्याचा काहीच दोष नव्हता.

२०१६ साली नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ आला. करमाळ्याकडची बोली पडद्यावर मान वर करून बोलत होती आणि शहरातली पोरं ती हौसेनं गिरवत होती. ते दोन मित्रही त्यांत आले. आता ते मला व्हॉट्सॲपवर ‘कुठं व्हता?’ असं लिहितात. मी अजून प्रमाण मराठीतच उत्तर देतो.