भवचक्राशेजारी कोण उभं आहे?

आमच्या वस्तीतल्या विहारात भवचक्राचं एक चित्र लागलंय. तिबेटी पद्धतीचं, लाल-निळं. अक्राळविक्राळ तोंडाच्या राक्षसानं नखांत आणि दातांत धरलेलं मोठं चाक. बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारीच टांगलंय. चित्र चांगलं आहे. माझं भांडण चित्राशी नाही.

गेल्या पावसाळ्यात माझ्या बाची तीन बोटं मशीनीत गेली. मशीनीवर जाळी नव्हती. पौर्णिमेला माय विहारात जाऊन त्या चित्राखाली बसली. तिथं कुणी जाणता माणूस नरकाच्या खणावर बोट ठेवून सांगत होता, की मागल्या जन्मीचं या जन्मी फेडावं लागतं. माय घरी येऊन म्हणली, "तुह्या बानं मागल्या जन्मी कुणाचा तरी हात तोडला असंल, बाबा."

दोस्तहो, बघा काय झालं ते. मालकानं न लावलेली जाळी एका संध्याकाळी मागल्या जन्मात जाऊन पडली. गुन्हेगार सुटला. आणि आमचा बा, ज्याची बोटं गेली, तोच आरोपी झाला. मनूला तरी वेगळं काय पाहिजे होतं?

म्हणून मी हे चाक मुळातून बघायचं ठरवलं. आपल्या जिल्ह्यातच ते आहे. अजिंठ्याचं सतरा नंबरचं लेणं, वऱ्हांड्याच्या डाव्या टोकाची भिंत. पाचव्या शतकातलं काम. वाकाटक राजा हरिषेणाच्या एका मांडलिकानं हे लेणं करवलं, असं तिथला शिलालेख सांगतो. मांडलिकाच्या घराण्याची स्तुती त्यात आहे, रंगवणाऱ्याचं नाव नाही. चित्राचा बराच भाग गळून गेलाय. उरलंय ते चाकाचा तुकडा आणि त्यातल्या खणांत कोंबलेली माणसं. इंग्रजांच्या काळात लोकांना हे राशिचक्र वाटलं. अर्थ सांगणारा माणूस भिंतीपासून उठून गेला, की चित्राचं असं होतं. कुणी त्यात राशी बघतो, कुणी मागल्या जन्मीचं पाप.

आणि अर्थ सांगणारा माणूस मुळात नेमलेला होता. 'दिव्यावदान' या संस्कृत ग्रंथात त्याची गोष्ट आहे. बुद्ध राजगृहाच्या वेळुवनाच्या दारावर पाच खणांचं चाक काढायला सांगतात. देव, माणसं, जनावरं, प्रेतं आणि नरक. मध्यभागी कबुतर, साप आणि डुक्कर, म्हणजे लोभ, द्वेष आणि मोह. कडेनं बारा निदानं. आणि दारात एक भिक्खू बसवायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला चित्र समजावून सांगणं हेच त्याचं काम.

पुढची गोष्ट आपल्या कामाची आहे. बाप मेलेला एक पोरगा ते चाक बघतो आणि विचारतो, देवांच्या खणात जायला काय करावं लागतं? शेवटी त्याला कळतं, बुद्धासहित संघाला जेवण दे. खर्च पाचशे कार्षापण. पोराजवळ छदाम नाही. तो मजुरांच्या नाक्यावर जाऊन उभा राहतो, घराच्या बांधकामावर राबतो.

वाचताना मी तिथंच थांबलो. चित्र लावलं, अर्थ सांगितला, आणि एक गरीब पोरगं संघाच्या जेवणासाठी मजुरीला गेलं. ग्रंथ याला पुण्य म्हणतो. मी मजूर आहे. मला याचा हिशेब विचारावा वाटतो. चित्राशेजारी माणूस आहे एवढ्यानं भागत नाही. तो काय सांगतो, कुणाच्या बाजूनं सांगतो, हे बघावं लागतं.

इथं कुणी म्हणेल, मूळ धम्म शुद्ध होता, नंतर घाण शिरली. एवढं सोपं नाही. ज्याच्या नावानं आपलं नागसेनवन आहे, त्या नागसेनाला मिलिंद राजा विचारतो, माणसं सारखी का नाहीत? कुणी गरीब, कुणी श्रीमंत, कुणी हलक्या कुळातला, कुणी उंच कुळातला, असं का? 'मिलिंदपञ्ह'मध्ये नागसेनाचं उत्तर आहे, कर्मामुळं. हे उत्तर आपण गिळायचं का? बाबासाहेबांनी गिळलं नाही. 1950 मध्ये त्यांनी इथं कॉलेज काढलं, त्याला मिलिंदाचं नाव मिळालं. म्हणजे उत्तर देणाऱ्याइतकाच प्रश्न विचारणाऱ्याचा मान. 1957 मध्ये आलेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी मागल्या जन्मीच्या कर्माचा सिद्धांत धम्मातून बाहेर काढला. मूल आईबापाकडून जे घेतं त्यापलीकडं मागल्या जन्माचं काही आणत नाही, असं ते सांगतात. आणि गोरगरिबांच्या हलाखीची जबाबदारी समाजानं व सरकारनं झटकावी, यापलीकडं त्या सिद्धांताचा उपयोग काय, असा त्यांचा रोकडा सवाल आहे.

मग चित्र काढून टाकायचं? आमच्यातले काही पोरं तेच म्हणतात. मला पटत नाही. चाक नरकाच्या खणापासून वाचलं तर ते आपल्याला दाबतं. कडेपासून, बारा निदानांपासून वाचलं तर ते बोलायला लागतं. अविद्या, संस्कार, विज्ञान, नामरूप, षडायतन, स्पर्श, वेदना, तृष्णा, उपादान, भव, जाति, जरामरण. अकरावं निदान नीट वाचा. जाति. पालीत त्याचा अर्थ जन्म. या देशात जन्मावरच जात ठरली आणि शब्दही तोच राहिला. पण चाकात जाति पहिली नाही, अकरावी आहे. तिच्या मागं कारणं आहेत. ती आभाळातून पडलेली नाही. कारण गेलं की कार्य जातं, हेच तर प्रतीत्यसमुत्पादाचं म्हणणं.

हे कळायला मला पंडित लागला नाही. मी रिंग फ्रेमवर काम करतो. चाती फिरते पट्ट्यानं, पट्टा फिरतो मोटारीनं, मोटार चालते बटणानं. बटण दाबणारा माणूस असतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, हे आपोआप, अनादि काळापासून फिरतंय. कामगाराला ठाऊक असतं की ते बंद पडतं, आणि कुठं हात घातला म्हणजे बंद पडतं तेही ठाऊक असतं.

धम्मचक्र सगळ्यांना माहीत आहे. ते सारनाथला फिरवलं आणि 1956 मध्ये नागपूरला पुन्हा फिरवलं. ते फिरवायचं चाक. भवचक्र हे थांबवायचं चाक. दोन्हींत गल्लत करू नका. आणि थांबवायचं असेल तर आधी दाखवावं लागतं, म्हणून चित्र राहू द्या.

फक्त त्याच्याशेजारची जागा रिकामी सोडू नका. आपण सोडली, की तिथं मागल्या जन्माचा दलाल येऊन उभा राहतो. येत्या पौर्णिमेला मी तिथं उभा राहणार आहे. समोर माय असेल. तिला विचारणार आहे, "माय, जाळी का नव्हती?" तिथनं सुरू करू, आणि एकेक कारण मागं मागं जाऊ.